बारा एमएमची नळी

सांगलीहून येणारी एसटी दहाला लागते.
स्वरांजली उतरते पाठीवर दप्तर घेऊन.
रविवारी कसलं दप्तर, मी विचारत नाही.
महिन्यातला दुसरा रविवार माझा,
बाकीचे तिच्या आईचे,
असं कागदावर ठरलंय, सही-शिक्क्यासह.

मागच्या खेपेला म्हणाली, पप्पा, बबल टी करूया.
मी म्हटलं, चहाला बुडबुडे?
आणि खिचडीचा साबुदाणा थेट उकळत्या पाण्यात सोडला.
त्याची खळ झाली.
भिंतीवर जाहिराती चिकटवता आल्या असत्या.
उरलेलं चमच्यानं खाल्लं दोघांनी,
न बोलता, कारण नळीत काही शिरत नव्हतं.

या खेपेला तयारी होती.
साबुदाणा मिक्सरला लावून दोनदा चाळलेला.
शाहूपुरीतनं ढेपेचा तुकडा आणलेला,
पिवळाधमक नव्हे, काळपट,
ज्याला मळीचा वास असतो तसला.
गुळाचं पाणी खळखळलं तसं पिठावर ओतलं
आणि ते पीठ असं काही वागायला लागलं, की
दाबलं तर दगड, सोडलं तर ओघळ.
तुझ्यासारखंच आहे, ती म्हणाली.
कुठल्या अर्थानं, तेही विचारलं नाही.

मग मणी वळायला बसलो.
माझा हात आपोआप खिशातल्या व्हर्नियरकडे गेला.
आठ एमएम. वर-खाली पॉइंट दोन चालेल.
ती आधी हसली, मग माझ्याहून कडक झाली,
रिजेक्ट! हा पण रिजेक्ट!
रिजेक्ट मालाची वेगळी वाटी,
तिच्यात बहुतेक सगळे माझे.
पंचवीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
साबुदाण्यात नापास.

जांभळं कपिलतीर्थाच्या दारातनं घेतलेली,
पन्हाळ्याकडची बाई पानावर मापटंभर ओतते
आणि वर चार जास्त, पोरगी बघून.
मीठ लावून हातानं कुस्करली.
कोपरापर्यंत जांभळे झालो दोघं.
कोरा चहा परातीतल्या पाण्यात गार व्हायला ठेवलेला,
तर पोतनीसकाकू दारातनं डोकावल्या,
बिनदुधाचा? घरात कोण आजारी हाय काय?

आता नळी.
जाड नळी अख्ख्या महाद्वार रोडला मिळाली नाही.
शनिवारी सुट्टी व्हायच्या वेळी
पाईपचा तुकडा चकमध्ये धरला,
स्टेनलेस, तीनशे चार, आत बारा एमएम,
दोन नग कापले.
शिकलगारचाचांनी हातातनं काढून घेतले,
पोरीच्या ओठाला लागंल, म्हणाले,
आणि बफिंगवर इतका वेळ धरले
की त्यात त्यांची दाढी दिसायला लागली.

पहिला मणी वर आला तो
टप् करून, दातावर आदळून.
तिनं डोळे मोठे केले.
मग काही वेळ कुणी काही बोललं नाही,
पण मागच्या वेळसारखं नव्हे.
जीभ दाखव, ती म्हणाली. दाखवली.
तिनंही दाखवली.

चार वाजता ग्लास विसळताना विचारलं,
पप्पा, आईला एक नेऊ?
ग्लास म्हणाली की नळी, आधी कळलं नाही.
दोनच केलेल्या.
माझी गरम पाण्यानं धुतली,
आतनं कापडाची चिंधी फिरवली,
दोन्ही पेपरात गुंडाळून दप्तरात घातल्या.
दप्तर रिकामंच होतं.

एसटी मागं घेताना तिनं खिडकीतनं
नळीला डोळा लावला,
दुर्बिणीसारखा, माझ्यावर रोखून.
मी ताठ उभा राहिलो,
फोटो काढताना राहतात तसा.

उरलेले मणी ठेवले होते झाकून.
ते ठेवायचे नसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सकाळी बघितलं तर बेरिंगच्या गोळ्या.
दोन चावून खाल्ल्या.

सोमवार सुट्टी. मंगळवारी शिकलगारचाचा
मशीन पुसता पुसता म्हणाले, चालली का नळी?
म्हटलं, दोन्ही गेल्या सांगलीला.
ते थोडा वेळ पुसत राहिले.
मग म्हणाले,
पाईप अजून शिल्लक हाय की.